सह्याद्रीवरून छोटं विमान उडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड, सातारा, सांगली या भागात उड्डाण शिकणारी मुलं, त्यांचे पालक, हौसेने विमानात बसणारी मंडळी आणि घाटमाथ्यावरच्या गावांतले लोक यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. छोटं विमान म्हणजे सेसना १५२ किंवा १७२ सारखं, एका इंजिनाचं, दोन ते चार जणांचं. उंची फुटांत आणि समुद्रसपाटीपासून, वेग नॉटमध्ये (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी). आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. उडवताना आपल्या विमानाच्या पुस्तिकेतलाच आकडा धरायचा.

सह्याद्री काही हिमालय नव्हे. पाच हजार फुटांच्या आतल्या डोंगरांची एवढी धास्ती कशाला?

महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा ४,७२० फुटांच्या आसपास, पाचगणी साधारण ४,२५०, कासचं पठार ४,००० च्या जवळपास. सेसना १५२ च्या पुस्तिकेत कमाल उंची १४,७०० फूट लिहिलेली असते. कागदावर गणित अगदी सोपं दिसतं, आणि घात तिथेच होतो. हिमालयात जाणारा वैमानिक तयारी करून जातो. सह्याद्री बुटका, म्हणून इथे कोणी तयारीच करत नाही.

१४,७०० हा आकडा नव्या विमानाचा, प्रमाण हवामानातला, आणि जिथे विमान मिनिटाला जेमतेम १०० फूट चढतं त्या उंचीचा. आपला डोंगर उंचीने मारत नाही. त्याच्या आडोशाला हवा खाली कोसळते, दरी अरुंद होत जाते आणि ढग माथ्यावर टेकतो. यातल्या कुठल्याही प्रसंगी प्रश्न एकच उरतो: परत वळायला जागा आणि उंची शिल्लक आहे का?

एप्रिलच्या दुपारी विमान 'जड' होतं म्हणजे काय? वजन तर तेवढंच असतं.

वजन तेवढंच असतं, हवा विरळ झालेली असते. पंखाला उचल कमी मिळते, पुढच्या पंख्याला ओढायला हवा कमी मिळते आणि इंजिनाला जाळायलाही कमी मिळते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते. हे मोजायचं माप म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड. विमानाला आपण किती उंचीवर आहोत असं 'वाटतं', ती उंची.

कराडचं गणित करून बघा. धावपट्टी सुमारे १,९०० फुटांवर. एप्रिलची दुपार, तापमान ३९ अंश, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणून सांगितलेला हवेचा दाब) १००८.

प्रमाण दाब १०१३. पाच मिलिबार कमी म्हणून साधारण १५० फूट वाढवायचे, झाले २,०५०. या उंचीवर प्रमाण तापमान हवं ११ अंश (समुद्रसपाटीला १५, दर हजार फुटांना २ अंश कमी). प्रत्यक्षात ते २८ अंशांनी जास्त आहे. प्रत्येक जादा अंशाला १२० फूट, म्हणजे ३,३६०. बेरीज ५,४०० फूट.

थोडक्यात, विमान अजून धावपट्टीवर उभं आहे, चाकं हललेली नाहीत, आणि त्याच्या लेखी ते महाबळेश्वरच्या माथ्याच्याही वर आहे. तेच विमान जानेवारीच्या सकाळी १२ अंशांना काढलं तर आकडा २,००० च्या आसपास येतो.

परिणाम तीन. धाव लांबते: ढोबळ हिशेब दर हजार फुटांना १० टक्क्यांहून थोडा जास्त, म्हणजे इथे समुद्रसपाटीच्या दीडपट ते पावणेदोनपट. चढ मंदावतो: १५२ समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट चढते, या दुपारी ५०० च्या आत येते आणि वर जाऊ तशी आणखी घटते. जुनं इंजिन आणि बोथट पंखा असेल तर त्याहून कमी. तिसरा परिणाम फसवा आहे. वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीवरून विमान जास्त वेगाने सरकत असतं. ते पाहून नवखा वैमानिक नाक ओढून वेळेआधीच विमान उचलायला जातो. नजर जमिनीवर नको, काट्यावर हवी.

मग वजन किती कमी करायचं?

१५२ चं कमाल वजन १,६७० पौंड, म्हणजे ७५७ किलो. रिकामं विमान सव्वापाचशे किलोच्या आतबाहेर. पूर्ण टाकीचं वापरता येणारं इंधन ९३ लिटर, वजन ६७ किलो. उरले सुमारे १६५ किलो, त्यात दोन माणसं आणि पिशव्या. ८० किलोची दोन माणसं बसली की संपलं. वजन १० टक्क्यांनी वाढलं तर धाव सुमारे २० टक्क्यांनी वाढते, हे ध्यानात ठेवा. डोंगराकडे जाताना इंधन कमी घेऊन वजन वाचवायचा मोह होतो. त्यापेक्षा माणूस कमी करा. इंधन म्हणजे परत फिरायची मुभा.

कोयनेच्या बाजूला जाताना विमान चढेनासं होतं असं म्हणतात. इंजिनात दोष असतो का?

बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं, हवाच खाली जात असते. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

सह्याद्रीचा पश्चिम कडा कोकणात सरळ तुटलेला आहे, आणि देशाकडे उतार सैल आहे. पावसाळ्याच्या आगेमागे वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. उन्हाळी दुपारी समुद्राकडचा वाराही घाट चढून येतो. हा वारा कोकणकड्यावर आपटून वर जातो, माथा ओलांडतो आणि आपल्या बाजूला खाली घसरतो. म्हणजे कराडहून पाटण, कोयनानगरकडे निघालेलं विमान नेमकं डोंगराच्या आडोशातून, पडत्या हवेतून आणि समोरच्या वाऱ्यातून जातं. तिन्ही गोष्टी एकदम.

विमानाचा हवेतला वेग ७० नॉट, समोरून वारा २५ नॉट, म्हणजे जमिनीवरून ४५. विमान मिनिटाला ४०० फूट चढतंय, पण हवा ६०० फूट खाली जातेय. निव्वळ हिशेब मिनिटाला २०० फूट घट. पुढची धार तीन नॉटिकल मैलांवर असेल तर पोचायला चार मिनिटं, आणि पोचेपर्यंत ८०० फूट गेलेले. नाक वर आहे, थ्रॉटल पूर्ण आहे, आणि धार खिडकीत वर वर सरकतेय. अशा वेळी नाक आणखी ओढलं की वेग पडतो आणि विमान स्टॉल होतं. (वर्तमानपत्रं 'स्टॉल' म्हणजे इंजिन बंद पडलं असं छापतात. तसं नाही. पंखावरून हवा नीट वाहायची थांबते आणि उचल कोसळते. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही हे होतं.)

उपाय साधा आहे, फक्त तो वेळेवर करावा लागतो. मागे वळा. वळताच तोच वारा पाठीशी येतो, जमिनीवरचा वेग ९५ होतो, आणि तीन मैलांचा पडता पट्टा दोन मिनिटांच्या आत संपतो. उंची नदीच्या रुंद खोऱ्यावर, कराडजवळच घिरट्या घालून मिळवा आणि मग डोंगराकडे तोंड करा. जाता जाता चढू, हा बेत सह्याद्रीत चालत नाही.

हिवाळ्याच्या सकाळी वारा पूर्वेचा असला तर हे उलटं होतं: आपल्या बाजूला हवा वर जाते आणि कोकणकड्याच्या खाली भोवरे असतात. कडा सरळ तुटलेला असल्यामुळे तिकडचे भोवरे जास्त दांडगे.

धार ओलांडायची नेमकी पद्धत काय?

धारेच्या अलीकडे किमान तीन मैल असतानाच ओलांडायची उंची हातात हवी. वारा मंद असेल तर माथ्याच्या वर १,००० फूट, माथ्यावर २० नॉटच्या पुढे असेल तर २,०००. २५ च्या पुढे असेल तर त्या दिवशी जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिकाऊ विमानाच्या अंगात त्या हवेशी झगडायची ताकद नसते.

धारेला काटकोनात भिडू नका, ४५ अंशांनी तिरके जा. काटकोनात गेलात तर परतायला १८० अंश वळावं लागतं. तिरके असाल तर ९०-१३५ अंशांत डोंगरापासून सुटका होते. धारेपलीकडचा मुलूख हळूहळू जास्त दिसू लागला तर तुम्ही वर आहात. कमी कमी दिसू लागला तर वळायची वेळ कधीच झाली आहे.

झटके बसू लागले की वेग आधी कमी करा. १५२ चा मनुव्हरिंग स्पीड (झटक्यांत ज्याच्या वर जाऊ नये तो वेग) पूर्ण वजनाला १०४ नॉट आणि १,३५० पौंडांना ९३. विमान हलकं तेवढा हा आकडा खाली येतो, वर जात नाही. परीक्षेत हे हमखास चुकतं.

दरीत शिरल्यावर जागा अपुरी वाटली तर वळता येतं?

किती जागा लागते ते आधी मोजून ठेवलेलं असेल तर. काट्यावर ७० नॉट असले तरी गरम हवेत, उंचीवर खरा वेग ७८ च्या आसपास असतो. ३० अंश कलून पूर्ण उलट वळायला तेव्हा सुमारे ५७० मीटर रुंदी लागते. वेग १०० असेल तर ९३५ मीटर. ७० खऱ्या नॉटला ४५ अंश कललात तर २६५ मीटर पुरतात, पण स्टॉलचा वेग जवळजवळ २० टक्क्यांनी चढतो, आणि ६० अंशांना ४१ टक्क्यांनी: ४८ चा थेट ६८ होतो. म्हणून आधी वेग ठरवायचा, मग कल द्यायचा. पुस्तिका परवानगी देत असेल तर १० अंश फ्लॅप (पंखामागची खाली वळणारी पट्टी).

दरीच्या मधोमध उडू नका. मधून उडालात तर दोन्ही बाजूंना अर्धीच जागा उरते. वारा आडवा असेल तर तो ज्या उतारावर आपटतो, त्या बाजूने चला. तिथे हवा वर जात असते, आणि वळताना तोंड वाऱ्याकडे होतं, त्यामुळे वळण आखूड पडतं. समोरच्या बाजूला, आडोशात, दोन्ही गोष्टी विरुद्ध.

शिवाय नजर फसते. समोर जमीन चढत असली की डोळे तिलाच क्षितिज मानतात आणि नाक नकळत वर जातं. दरी चढत जाणारी असेल तर ती खालून वर कधीच उडायची नाही. वरच्या टोकाने शिरा आणि उताराबरोबर खाली या.

पवनचक्क्यांचा धोका आहे का?

चाळकेवाडी, वनकुसवडे, इकडे कवठेमहांकाळकडे ढालगावच्या पठारावर, सगळीकडे आहेत. पवनचक्क्या तिथेच उभारतात जिथे वारा जोराचा असतो, एवढं कळलं तरी पुरे. नव्या मोठ्या पवनचक्क्यांच्या पात्याचं टोक जमिनीपासून ४०० फुटांच्या वर जातं, आणि तिच्यामागे बरंच अंतर हवा ढवळलेली राहते. त्याहून वाईट म्हणजे वारा मोजायचे बारीक मनोरे आणि त्यांच्या ताणाच्या तारा. ते दिसतच नाहीत.

फायदाही आहे. पवनचक्कीचं तोंड वाऱ्याकडे असतं. साधारण ६ ते ८ नॉटला ती फिरू लागते. माथ्यावर वारा कुठून येतोय हे पाच मैलांवरून फुकटात कळतं.

आणि विजेच्या तारा?

कोयनेच्या वीजवाहिन्या एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर, दरीच्या पार वरून जातात. तार दिसत नाही, मनोरा दिसतो. म्हणून मनोरे शोधा आणि ओलांडायचंच असेल तर मनोऱ्याच्या बरोबर वरून ओलांडा. तार कुठेही मनोऱ्यापेक्षा उंच नसते. जलाशयावर खाली उतरून मजा बघायला जाऊ नका. संथ पाण्यावर उंचीचा अंदाज येत नाही.

ढग डोंगरावर टेकतील का, हे आधी कळतं?

कळतं. तापमानातून दवबिंदू वजा करा, ४०० ने गुणा. जमिनीपासून ढगाचा तळ मिळतो. कराडला तापमान ३०, दवबिंदू २२: आठ गुणिले ४०० म्हणजे ३,२००, समुद्रसपाटीपासून ५,१००. महाबळेश्वरचा माथा आणि ढग यांत जेमतेम ४०० फूट. जुलैत २६ आणि २४ असेल तर तळ २,७०० फुटांवर, म्हणजे सगळी रांग ढगात. हे गणित उन्हाने तयार होणाऱ्या ढगांचं. डोंगरावर ढकलली गेलेली ओली हवा त्याहून खालीही ढग करते.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. त्यामुळे कराडला ऊन आहे एवढ्यावरून पाटणच्या पलीकडचं काहीच ठरवता येत नाही. खिंडीतून पलीकडचा उजेड दिसतो म्हणून आत घुसणं ही सगळ्यांत जुनी चूक. पलीकडचं भोक मिटतं, आणि मागे पाहावं तर मागचंही मिटलेलं असतं.

उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेला वैमानिक ढगात किती टिकतो? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये २० जणांवर प्रयोग झाला. सरासरी १७८ सेकंदांत विमान ताब्यातून गेलं. तीन मिनिटंही नाहीत.

जीपीएस असताना डोंगरावर आदळणं शक्य आहे?

आपण कुठे आहोत हे जीपीएस सांगतं. विमान चढेल का, हे सांगत नाही. बाकी हा प्रकार छोट्या विमानांपुरता नाही. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं, ९४ जण गेले. विमान सुस्थितीत होतं. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली, असं समजून उंची लवकर सोडली गेली.

उंचीमापकात जवळच्या केंद्राचा ताजा क्यूएनएच लावा. एक मिलिबार चुकला की सुमारे ३० फूट चुकतात. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना काटा तोच राहतो आणि विमान मात्र खाली आलेलं असतं.

दिवसाची कोणती वेळ बरी?

उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास. अकराच्या आत चाकं जमिनीवर. दुपारी तापलेल्या सड्यावरून गरम झोत उठतात, आणि एप्रिल-मेमध्ये चारच्या सुमारास वळवाचे ढग बांधले जातात. त्या ढगापासून दहा-वीस मैल लांब राहावं. हिवाळ्यात उलट अडचण: वाई, कराड, सांगलीच्या नदीकाठाला धुकं नऊपर्यंत हटत नाही, आणि गळीत हंगामात पाचट जाळल्याचा धूर त्यात मिसळतो. संध्याकाळी पश्चिमेकडे उडताना हा धूर आणि समोरचा सूर्य मिळून डोंगर पुसून टाकतात. रात्री एका इंजिनाने डोंगरावरून जाऊ नये.

पावसाळी हवेत इंजिन खोकायला लागतं ते का?

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ. बाहेर २०-२५ अंश असताना बर्फ कसा, असं वाटतं. पण इंधनाची वाफ होताना आणि नळी अरुंद होताना आतलं तापमान २० अंशांहूनही जास्त उतरतं. दमट हवेत तेवढं पुरतं. लक्षण: फेरे हळूहळू घटतात, मग घरघर. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा) पूर्ण ओढा, अर्धवट नको. बर्फ वितळताना इंजिन आधी जास्तच कुरकुरतं. घाबरून दांडा परत ढकलू नका.

याच्या जोडीला मिक्श्चर, म्हणजे इंधन आणि हवा यांचं मिश्रण. ३,००० फुटांच्या वर पूर्ण ताकद हवी असेल तर मिश्रण थोडं पातळ (इंधन कमी) करून इंजिनाचे फेरे सर्वाधिक करा. गरम दुपारी धावपट्टीवरच हे लागू शकतं. पुस्तिका बघा.

इंजिन बंदच पडलं तर कुठे उतरायचं?

वेग ६० नॉटला धरा. १,००० फुटांमागे दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर मिळतात. पडत्या हवेत त्याहून बरेच कमी. पहिलं काम म्हणजे आडोशातून बाहेर, खोऱ्याकडे वळणं.

कृष्णाकाठी जागा पुष्कळ आहे, पण निवड करावी लागते. उभा अडसाली ऊस पुरुषभर उंच असतो. चाकं अडकून विमान उलटतं. तुटलेल्या उसाचं किंवा कापणी झालेलं शाळू-हरभऱ्याचं रान बरं, सरींच्या दिशेने. तासगाव, पलूसकडच्या द्राक्षबागा वरून हिरव्यागार, सपाट दिसतात. आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा आहेत, तिथे नको. कास किंवा पाटणचे सडे लांबून मैदानासारखे वाटतात. जवळ गेल्यावर जांभ्याचे दगड आणि घळी. त्यातला मोकळा पट्टा मात्र जंगलापेक्षा बरा. उतारावर उतरायचं झालं तर चढाच्या दिशेने, वारा पाठीमागून असला तरी.

कोयनेच्या जंगलात झाडांखेरीज काहीच नसेल तर सर्वांत कमी वेगाने, पण ताबा ठेवून, झाडांच्या शेंड्यात. कोयनेच्या शिवसागर जलाशयात उतरायची वेळ आली तर काठालगत, आणि पाण्याला टेकण्याआधी दारं उघडी. आदळल्यावर सांगाडा पिळवटून दार अडकतं.

सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी नकाशावर दिसते. तिथे उतरता येईल असं गृहीत धरू नका. अधिकृत पर्याय म्हणून कोल्हापूर किंवा बारामती निघण्यापूर्वीच ठरवा.

पाचगणीचे पॅराग्लायडर आणि पक्षी?

दोघांनाही चढती हवा हवी असते, म्हणून दोघंही धारेलगतच भेटतात. घार समोर आली की ती बहुधा खाली बुडी मारते, तुम्ही वर जा.

मुलीला कराडला उड्डाण शिकायला पाठवायचंय. डोंगरामुळे धोका वाढतो का?

कराडची धावपट्टी १९५५ साली कोयना धरणाच्या कामासाठी झाली. भोवती नदीचं खोरं आहे, आगाशिवसारखे डोंगर जवळ असले तरी नेहमीचं सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) खोऱ्यावरच होतं. कुठल्याही संस्थेत दोन गोष्टी विचारा: एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला वारा आणि तापमान यांची लेखी मर्यादा आहे का, आणि हवामान पाहून उड्डाण रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी बोलतं का. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त लक्ष द्या.

निघताना सोबत काय असावं?

मार्ग आणि परतीची वेळ जमिनीवरच्या एका माणसाकडे लिहून दिलेली. विमानातला ईएलटी (अपघातात ठिकाणाचा संकेत पाठवणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झचा आणि नोंदणी केलेला हवा. जुन्या १२१.५ च्या संकेतावर उपग्रहांचं लक्ष १ फेब्रुवारी २००९ पासून बंद आहे. ४०६ चा संकेत भारतात बंगळुरूच्या केंद्रात पोचतो. आदळताना त्याची अँटेना तुटू शकते, म्हणून संकटात आधीच १२१.५ वर 'मेडे' द्या आणि ट्रान्सपाँडर (रडारला आपली ओळख सांगणारं यंत्र) ७७०० या संकटाच्या कोडला लावा. कोयनेच्या आतल्या भागात मोबाइलला रेंज असेल असं धरू नका. पाणी, शिट्टी, आरसा, बॅटरी, गरम कपडा अंगावर किंवा खिशात हवा. मागच्या कप्प्यात ठेवलेलं आगीत जातं.

गावाजवळ विमान पडलेलं दिसलं तर आम्ही काय करायचं?

११२ ला फोन करा. जागेची खूण सांगताना गाव, वाडी आणि जवळचा ओढा किंवा देऊळ सांगा, आणि वाट दाखवायला एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करा. वाऱ्याच्या वरच्या अंगाने जवळ जा. विडी, काडी, चालू दुचाकी लांब. पेट्रोल पंखात असतं आणि ते उतारावरून वाहत येतं.

पुढच्या पंख्याला हात लावू नका. इंजिन बंद असलं तरी मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) जिवंत असू शकतो, आणि पातं थोडं फिरलं तरी ठिणगी पडून ते गरकन फिरतं. काही नव्या हलक्या विमानांत अख्खं विमान तोलणारी हवाई छत्री असते आणि ती रॉकेटने सुटते. सांगाड्यावर इशाऱ्याचा त्रिकोण दिसला किंवा छत्री न उघडलेली असेल तर त्या बाजूला उभे राहू नका, पत्रा कापू नका.

आग नसेल तर जखमींना ओढू नका, मान हलू न देता तिथेच आधार द्या. आग असेल तर पट्टा कापा आणि बाहेर काढा. माणसं निघाल्यावर बाकी काही उचलू नका, अगदी डोंगरभर उडालेले कागदसुद्धा. विमान अपघात अन्वेषण ब्युरोची माणसं येईपर्यंत कुठला तुकडा कुठे पडलाय यालाच किंमत असते. गुरं मात्र तिकडे फिरकू देऊ नका, इंधन सांडलेलं गवत ती खातात.